नसीफ अफंदींच्या आवाजाचा परवाना

नसीफ अफंदी गेले तेव्हा नर्दीन रडली नाही. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही नाही. चर्चमध्ये बायका हुंदके देत होत्या आणि ही पुढच्या बाकावर बसून वरच्या पंख्याकडे बघत होती, कुठलं बेअरिंग गेलंय याचा अंदाज घेत. लोकांनी आपापसांत निकाल लावून टाकला, की शिकलेल्या मुली अशाच, काळजाच्या जागी सर्किट. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आणि खरं सांगायचं तर लोकांचं फारसं चुकलंही नव्हतं. तिला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की गाल आपला राहत नाही, तशी ती अख्खीच आपली राहिली नव्हती. कामावर जात होती, जेवत होती, आईला औषधं आणून देत होती.

नसीफ अफंदी, म्हणजे नसीफसाहेब, हे तिचे वडील, कोर्टात पुकारा करायचे. न्यायाधीश आत यायच्या आधी दारात उभं राहून 'महकमा!', म्हणजे 'कोर्ट!', अशी आरोळी ठोकायची, की वकील, चोर, साक्षीदार, सगळे ताडकन उभे. एका शब्दावर अख्खं कोर्ट उभं करणारा हा माणूस घरी मात्र बायकोच्या एका शब्दावर खाली बसत असे. जन्मभर सिगारेटी ओढल्या. निवृत्त झाले आणि वर्षभरात घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक राहिलं आणि तोंडात नुसता वारा.

अशा माणसांसाठी एक यंत्र मिळतं, हातातल्या टॉर्चएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की थरथरतं. तो थरथराट तोंडात पोचतो, आणि ओठ-जीभ हलवली की त्याचे शब्द होतात. नसीफ अफंदींनी परदेशी यंत्र एकदा लावून बघितलं, दोन वाक्यं बोलले आणि पाटीवर लिहिलं, 'ही माशी कोण?' मग नर्दीनने स्वतःच एक बनवलं. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर ती. बोट जोरात दाबलं की सूर चढेल, सैल सोडलं की उतरेल, अशी तिने सोय केली. किती चढायचा, कसा उतरायचा, याचा तक्ता बापलेकींनी संध्याकाळी बसून बसून जुळवला. सूर प्रश्न विचारताना शेपटी वर करायचा आणि टोमणा मारताना मध्येच अडखळायचा. शेवटची काही वर्षं नसीफ अफंदी त्याच आवाजात जगले. भाजीवाल्याशी भांडले, प्रार्थना म्हटल्या, नर्दीनच्या लग्नाचा विषय रोज काढला.

शवपेटी बंद करायच्या आधी बहीजाने, म्हणजे नर्दीनच्या आईने, ते यंत्र नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सरकवून दिलं. "वर काय खुणा करत बसणार का?" ती म्हणाली. यंत्र मातीत गेलं आणि मागे राहिली ती सुरांच्या तक्त्याची एवढीशी फाईल.

बाब अल-लूक भागात सुट्या भागांच्या दुकानांवर एक खोली आहे. तिथे नर्दीनसारखी मंडळी जमतात, यंत्रं बनवतात आणि त्यांचे नकाशे जगासाठी खुले ठेवतात. हा त्यांचा धर्मच. पण बनवण्यात ही माणसं इतकी दंग, की खुलं ठेवायचं म्हणजे परवाना लिहायला लागतो हेच विसरतात. इंटरनेटवर टाकलं म्हणजे दिलं, असं त्यांना वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. कायदा म्हणतो, परवाना लिहिलेला नाही ना, मग घर बंद, कोणी हात लावायचा नाही. नर्दीननेही वडील असताना सगळं टाकलं होतं, सर्किट, डबीची मापं, सुरांची फाईल, आणि परवान्याची जागा कोरी. पुढे वडील गेल्यावर तिने सुरांची फाईल हळूच काढून घेतली, आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

तर चर्चच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत हातिमने तिला खोलीवर बोलावलं. हातिम कायद्याचा अभ्यास अर्ध्यात सोडून सोल्डरिंगला लागलेला, म्हणून दोन्हीकडची अर्धी अक्कल घेऊन फिरायचा. सोबत अत्तब्याच्या बाजारातला कारागीर उस्ता शुक्री होता. पहिल्या यंत्राची पितळी डबी त्यानेच लेथवर काढून दिली होती. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर एक धिप्पाड म्हातारा बसला होता, गळ्याला रुमाल बांधलेला.

"हे हाज मुतवल्ली," शुक्री म्हणाला. "जन्मभर मायक्रोबस चालवली. तुझ्या बाबांच्याच वॉर्डात होते, ऑपरेशन झालंय. यांना यंत्र पाहिजे."

हाजने हातातली किल्ली टेबलावर दोनदा आपटली. हा त्यांचा नमस्कार असावा.

"तर मग बनव की," नर्दीन म्हणाली.

"बनव की काय?" हातिम उसळला. "परवाना कुठाय? वॉर्डातल्या वाचाउपचारवाल्या बाई म्हणतात, कागद स्वच्छ असल्याशिवाय एकही यंत्र आत येणार नाही. तिथे रांग लागलीय माणसांची. तू कोरं ठेवलंयस सगळं. उद्या शुक्रीने बनवलं तर तो चोर ठरेल."

"अत्तब्यात आजवर मी जे बनवलं त्यातल्या कशाला लायसन होतं?" शुक्री म्हणाला. "एक लग्नाचा कागद तेवढा आहे, तो बायकोने लपवून ठेवलाय. पण ही वॉर्डवाली बाई ऐकत नाही ना."

"बरं," नर्दीन म्हणाली. "लिहा, विकायला बंदी. फुकट द्यायचं असेल त्यानेच बनवावं."

"वा रे वा! पितळ मी आणायचं, लेथ मी चालवायचा आणि फुकट वाटायचं? मी काय धर्मशाळा उघडलीय, पोरी?"

"तसंही विक्रीबंदी घातलेल्याला खुलं म्हणत नाहीत," हातिमने बोट वर केलं. त्याला हा विषय फार आवडायचा. "बनवू दे, बदलू दे, विकू दे, तर ते खुलं. नाहीतर होतं काय, नेक माणूस परवाना वाचून गप्प बसतो आणि लबाड माणूस न वाचता विकतो. विक्रीबंदीने अडतो तो शुक्रीसारखा."

"मी नेक?" शुक्री म्हणाला. "लिहून दे हे. घरी दाखवतो."

हातिम पडद्यावर नकाशे उघडून बघत होता. मध्येच थांबला. "नर्दीन, सुरांची फाईल कुठे गेली?"

"काढली."

"काढली म्हणजे?"

"ती यंत्राचा भाग नाही. बाकी सगळं घ्या. यंत्र चालतं त्याच्याशिवाय."

"चालतं, पण माशीसारखं! सगळी करामत त्या तक्त्यात आहे. अगं, अर्धं झाकून ठेवायचं आणि वर पाटी लावायची खुलं म्हणून? याला आपल्यात काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

"ते बाबा आहेत," नर्दीन म्हणाली.

बसचं तिकीट मागावं तशा स्वरात म्हणाली, म्हणून दोघांना कळायला वेळ लागला. मग हातिमने चष्मा काढून पुसला आणि शुक्री खिडकीबाहेर बघू लागला.

हाज मुतवल्लींनी पुन्हा किल्ली आपटली. फोनवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. 'पुढच्या शुक्रवारी माझ्या पोरीचा निकाह. नवऱ्यामुलाचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल, आणि बापाने म्हणायचं की माझी मुलगी तुला दिली. हे म्हणायचंय मला.'

"काझी म्हणतो मुक्याने लिहून दिलं तरी चालतं," शुक्री हळूच म्हणाला. "तर हे काझीवरच किल्ली घेऊन धावले."

हाजने आणखी लिहिलं. 'मुका नाही मी. मुतवल्ली आहे.'

नर्दीनने ते वाचलं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं तिला कळलं. म्हाताऱ्याच्या सदऱ्याला डिझेलचा वास येतोय, एवढंच जाणवलं. "बघते," म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. समोर बहीजा परातीत मसूर निवडत होती. उपवासात त्यांच्याकडे दूध-अंडं बंद, म्हणून रोज मसूर नाहीतर पाला. परवान्यांचे मसुदे वाचणं म्हणजे खडे चावण्यातलाच प्रकार, पण नर्दीनला बरं वाटलं. त्यात कोणी गहिवरत नव्हतं.

एक परवाना सैल होता. घ्या, करा, विका, मूळ नाव राहू द्या, आणि तुमच्या सुधारणा खुशाल लपवून ठेवा. दुसरा कडक. घ्या, करा, विका, पण काही बदललंत तर तो बदलही असाच सगळ्यांसाठी उघडा ठेवा. मधला एक होता, तो धड इकडचा ना तिकडचा. हातिम सैलाच्या बाजूचा होता. सैल ठेवलं तर मोठा कारखाना पुढे येईल, हजारो यंत्रं निघतील, असं त्याचं म्हणणं.

"आई, एक विचारू? बाबांचा सुरांचा तक्ता देऊन टाकला तर?"

"कोणाला?"

"सगळ्यांना. म्हणजे उद्या रस्त्यावर कोणीही त्या आवाजात बोलेल. रिक्षावाला, कसाई, कोणीही."

बहीजाने एक खडा वेचून बाजूला ठेवला. "तो तक्ता तू केलास. फाईल तुझी, यंत्र तुझं. मला काय विचारतेस?"

"पण तुला चालेल?"

"नर्दीन, मला न चालणारं बरंच काही झालंय यंदा. मसूर निवडू दे."

तेव्हा नर्दीन एकटीच वाचत राहिली. कडक परवान्यात एका ठिकाणी ती थांबली. ज्याने बदल केला त्याने काय बदललं आणि कधी, ते लिहिलंच पाहिजे, आणि मूळ नावं पुसता कामा नयेत. तिने ते कलम पुन्हा वाचलं. म्हणजे उद्या कोणी बाबांचा सूर खाली केला, वर केला, त्यात घोगरेपणा घातला, तरी त्याला लिहावं लागेल की हे मी बदललं. कोणालाही गुपचूप बाबांना मोडता येणार नाही. चोरी नाही थांबणार, पण निदान लपवाछपवी चालणार नाही. एवढ्या कारणासाठी तिने कडक परवाना घेतला. समाजसेवा वगैरे काही तिच्या मनात नव्हतं, आणि असल्याचं तिने पुढेही कधी सांगितलं नाही.

हक्कदाराच्या रकान्यात तिने लिहिलं, नसीफ बिशारा आणि नर्दीन नसीफ बिशारा. सुरांची फाईल परत जागेवर ठेवली. बटण दाबलं. छातीत काही तुटलं नाही, डोळ्यांत काही आलं नाही. तिने उठून सकाळची भांडी घासली.

हातिमचा फोन आला. "कडक घेतलास! आता कारखानेवाले फिरकायचे नाहीत, बघ."

"नाही तर नाही."

"अगं, पण विचार कर—"

"हातिम, माझे हात ओले आहेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रीने चार दिवसांत यंत्र उभं केलं. वॉर्डातल्या बाईंनी कागद पाहिला, यंत्र पाहिलं आणि हाजना ते लावायला शिकवलं. नर्दीन तिकडे गेली नाही. कामं काढली, सबबी सांगितल्या. पण शुक्रवारच्या निकाहाला तिला जावंच लागलं, कारण ऐन वेळी यंत्र रुसलं तर कोण बघणार, असं शुक्रीने आईच्या देखत म्हटलं, आणि बहीजाने कपाटातून इस्त्रीचा ड्रेस काढून तिच्या पुढ्यात टाकला.

इम्बाबात हाजचं घर चौथ्या मजल्यावर. जिन्यापासून चपलांचा ढीग, आत लाल सरबताचे पेले फिरत होते, आणि एकाच खोलीत मावतील त्याच्या दुप्पट माणसं. मधोमध काझी, त्याच्या एका बाजूला हाज, दुसऱ्या बाजूला नवरामुलगा, घामाघूम. दोघांनी हात हातात घेतले. काझीने वर पांढरा रुमाल टाकला.

नर्दीन दाराशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी झालं. आता बाबा बोलणार, असं तिला वाटलं. त्या माणसाच्या तोंडून, पण बाबाच. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त म्हणजे तिला ते ऐकायची ओढ लागली. इतकी, की तिने शेजारच्या बाईची बडबड हाताने थांबवली.

हाजनी डाव्या हाताने यंत्र गळ्याला लावलं.

"मी," हाज म्हणाले, "माझी मुलगी रिहाब, तुला दिली."

सूर तोच होता. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. 'दिली'वर जो हलकेच खाली आला तो उतार एका संध्याकाळी तिने स्वतः बसवला होता, बाबा चहाचा कप हातात घेऊन 'अजून थोडा, अजून थोडा' अशी खूण करत असताना. खोलीत बायकांनी जिभा हलवून असा काही गजर केला की भिंती दणाणल्या. नवरीने तोंडावर हात घेतला. शुक्रीसारखा रांगडा गडी बाहीने डोळे पुसत होता. तेवढ्यात फोटोवाला मध्ये घुसला आणि हाजच्या पायावर पाय पडला.

"आंधळ्या गाढवाच्या!" हाज त्याच आवाजात कडाडले. "दिवे काय कपाळात बसवलेत का? हो मागे!"

काझीने कानांवर हात ठेवले. सगळी खोली हसली. पोरीच्या निकाहात बापाने शिवी दिली, याच्यापेक्षा मोठा आनंद त्या घराला त्या दिवशी दुसरा नव्हता.

नर्दीन हसली नाही. ती ऐकत होती. सूर बाबांचे, चढउतार बाबांचे, आणि बोलत होते हाज मुतवल्ली. नखशिखांत हाज मुतवल्ली. बाबा त्यात कुठेच नव्हते. बाबा शिवी द्यायच्या आधी थांबायचे आणि मग द्यायचेच नाहीत. ते थांबणं तक्त्यात नव्हतं. कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं.

मग खरे बाबा कुठले, म्हणून तिने मनात पहिला आवाज काढून बघितला. ऑपरेशनच्या आधीचा. लहानपणी ती कोर्टात जायची, दारामागे लपून ती आरोळी ऐकायची आणि अंगावर काटा यायचा. तिने आठवलं. महकमा. आवाज आला, पण थरथरत आला, यंत्राचा. तिने पुन्हा आठवलं. पुन्हा तेच. आणि बाबांनी तर यंत्रातून 'महकमा' कधीच म्हटलं नव्हतं. यंत्र आलं तेव्हा कोर्ट केव्हाच सुटलं होतं.

कोणीतरी तिच्या हातात सरबत दिलं. ती पेला धरून उभी राहिली.

गर्दी ओसरल्यावर हाज तिच्याजवळ आले, यंत्र गळ्याला लावून. "इंजिनियरबाई, हात सलामत राहोत तुझे. पण एक सांगू? राग नको मानू. हा आवाज जरा साहेबी आहे. मी माझ्या बायकोशी बोललो तर ती उठून उभी राहिली. मला जरा खालचा दे. रस्त्यावरचा."

"शुक्री करून देईल," ती म्हणाली.

"करीन ना," शुक्री म्हणाला. "पण लिहून ठेवावं लागेल, हाज, काय बदललं ते. नियम आहे इंजिनियरबाईंचा. काय लिहू? गिऱ्हाईकाला शिव्या नीट देता येत नव्हत्या?"

"लिही," हाज म्हणाले. "सगळ्या जगाला कळू दे."

नर्दीन घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. स्वयंपाकघरात बहीजा मुलूखियाचा पाला बारीक चिरत होती, दोन मुठींच्या सुरीने, पुढे-मागे, पुढे-मागे. नर्दीनने बूटही काढले नाहीत.

"काय गं, बोलला का म्हातारा?"

"बोलला."

"झालं मग. देवाची कृपा."

"आई." नर्दीनचा आवाज फाटला, आणि तिला स्वतःलाच तो ऐकून दचकायला झालं. "आई, बाबांचा आवाज कसा होता गं? पहिला. गाठ यायच्या आधीचा."

सुरी थांबली. बहीजाने तोंड उघडलं, नवऱ्याची नक्कल करायला बायका उघडतात तसं, हनुवटी जरा खाली घेऊन. तोंड तसंच उघडं राहिलं. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा पाल्याकडे.

"मोठा होता," ती म्हणाली.

नर्दीन वाट बघत राहिली.

"मोठा होता गं," बहीजा पुन्हा म्हणाली, आणि हातातली सुरी खाली ठेवून खुर्चीवर बसली. नर्दीन तिच्यासमोर बसली आणि रडायला लागली. मध्ये टेबलावर तो हिरवा पाला होता, आणि दोघी तो आवाज आठवत होत्या, आणि दोघींनाही आठवत नव्हता.